निमतेल फवारूनही गच्चीवरच्या टोमॅटोंना भोकं पडतात, अळी कशी आवरावी?

तुमच्या हिरव्या टोमॅटोंना देठापाशी गोल भोकं पडताहेत म्हणजे ही बहुतेक फळ पोखरणारी अळी. हरभऱ्यावर तिलाच घाटेअळी म्हणतात. डोकं फळात खुपसून, मागचं अंग बाहेर ठेवून ती खाते आणि एक फळ संपायच्या आतच दुसऱ्यावर जाते. त्यामुळे पाच-सहा फळं नासली तरी अळी एकच असू शकते. एकदा आत शिरली की तिच्यापर्यंत कुठलाच फवारा धड पोचत नाही, निमतेलही नाही. भोकं पडलेली फळं आजच तोडा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये मुळीच टाकू नका, कारण पूर्ण वाढलेली अळी मातीत उतरूनच कोषात जाते.

आता रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन झाड बघा. पानावर ओलसर, हिरवट लेंड्या दिसल्या की नजर सरळ वर न्या, अळी तिथेच वरच्या फांदीवर सापडते. लेंड्या काळ्या, सुकलेल्या असतील तर ती पुढे सरकलेली असते. हिचा पतंग शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर, फुलांजवळ एकेक सुटं अंडं घालतो. ते खसखशीहून बारीक, पिवळसर पांढरं असतं. बोटाने पुसून टाका. पानामागे तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर ती तंबाखूवरची अळी. तिथे अख्खं पानच खुडा.

फवारायचंच तर कृषी सेवा केंद्रातून अळ्यांसाठीची बीटी पावडर, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी, आणा. पाकिटावरच्या प्रमाणात कालवून ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना मारा. ही अळीच्या पोटात गेली तरच काम करते आणि लागू पडते ती लहान अळ्यांनाच. खाणं लवकर थांबतं, मरायला मात्र दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरा. आठवड्याने पुन्हा मारा.

फळावर टाचणीएवढीच छिद्रं आणि पानांवर पांढरट, कागदासारखे चट्टे असतील तर ती टुटा, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं पोखरणारी दुसरी बारीक अळी. 2014 साली ती भारतात पहिल्यांदा पुण्याकडे आढळली. तशी पानं खुडून पिशवीत घट्ट बांधून टाका.

हंगाम संपला की कुंडीतली माती प्लॅस्टिकवर पातळ पसरून कडक उन्हात चांगली वाळवा आणि दिसतील ते तपकिरी कोष वेचून काढा.