बाळाला डब्याचं दूध देते म्हणून घरचे, शेजारचे नावं ठेवतात. माझं चुकतंय का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांच्या लेकीला अंगावरचं पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं आणि आता जाऊबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या बोलतात. मी सोलापूरची, दोन लेकरांची आई. दोन्हीकडून बोलणी खाल्लीत.

थोरल्याच्या वेळी मला दूध कमी होतं. अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळं करून झालं. बारशाला आलेल्या एका मावशींनी ओट्यावरचा डबा उचलला, फिरवून किंमत वाचली आणि पाळण्याकडे न बघताच म्हणाल्या, "आटलं व्हय गं? आमच्या वेळी नव्हतं बाई असलं." धाकटीला मात्र दीड वर्ष अंगावर पाजलं. तर गड्ड्याच्या जत्रेत त्याच मावशी, "अजून पाजतीस? सोडव की आता!"

खरं तर जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने फक्त अंगावरचं आणि पुढे वरच्या खाण्यासोबत 2 वर्षं किंवा जास्तही पाजा म्हणते. आईचं दूध सर्वोत्तम, हे डब्यावरही छापावं लागतं. 1992 च्या कायद्याने या पावडरीच्या जाहिरातीवर बंदी आहे. पण तो कायदा विकणाऱ्यांसाठी आहे, आईला धारेवर धरायला नाही.

लोकांपेक्षा पाण्याची काळजी करा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेलं असतं. ते खळखळून उकळा. डब्यातलाच चमचा सपाट भरून घ्या, माप डब्यावर लिहिलंय तेवढंच. डबा महाग म्हणून पातळ करू नका, पोर भरल्या पोटी उपाशी राहतं. उरलेलं ओतून द्या. गाईचं दूध आणि मध वर्षाच्या आत नको, कुणी कितीही सांगो. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, तर पोट भरतंय. डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि तुमची इच्छा असेल तर आधी छातीला लावा, मग वाटी-चमचा. बाळ ओढेल तसं दूध वाढतं. माझं थोरल्याच्या वेळी नाही वाढलं, ते सोडा.

बोलणाऱ्यांचं म्हणाल तर मी शेवटी वाद घालणं सोडलं. कुणी डब्याचा विषय काढला की पोरगं त्यांच्याच मांडीवर द्यायचे. "जरा धरा हं, दुपटी वाळत घालून येते."