शाळा मे महिन्यात बघू नका, जुलैत बघा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही डोंबिवलीत राहतो. पुढच्या जूनपासून राजापूर तालुक्यात सासरच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरतंय. ह्यांचं काम घरूनच चालतं, सासूसासरे आता थकलेत. अडलंय ते शाळेवर. मुलगी आत्ता दुसरीत आहे, मुलगा सातवीत, दोघं स्टेट बोर्ड इंग्रजी मीडियम. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट 11. हायस्कूल 6 किलोमीटरवर, सेमी इंग्रजी. आणि 22 किलोमीटरवर तालुक्याला इंग्रजी मीडियम, व्हॅन येते. मे मध्ये तिन्ही शाळा बाहेरून बघून आलो, इंग्रजी मीडियमची बिल्डिंग छान वाटली. सासरे म्हणतात, आम्ही वाडीच्या शाळेतच शिकलो, काय बिघडलं? काय करावं?
एक आई, डोंबिवली

उत्तर: मे मध्ये शाळेला कुलूप असतं, पऱ्या म्हणजे वाडीतला ओढा कोरडा असतो आणि चाकरमानी आलेले असल्याने वाडी भरलेली दिसते. त्यावर काहीच ठरवू नका. आत्ता जुलै चालूय, चार दिवस रजा काढा आणि मुलांना घेऊन आत्ताच जा. गणपतीला जाऊ म्हणाल तर तेव्हा परत सुट्टी.

मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते, त्यातली 6 वर्षं अशा वाडीत जिथे शाळेच्या अलीकडे पऱ्या होता आणि त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे चालत जायचा छोटा पूल. रात्रभर पाऊस लागला की सकाळी मी आधी साकवाशी जाऊन उभी राहायचे, मग शाळा उघडायचे. पाणी खोडांना टेकलेलं दिसलं की पलीकडच्या पोरांना हातानेच खुणा करायच्या, परत जा म्हणून, कारण पाण्याच्या आवाजात ओरडलेलं ऐकूच जायचं नाही. चार मुलं होती पलीकडची, दप्तर डोक्यावर धरून उभी असायची. एका पावसाळ्यात त्यांचे 11 दिवस असे बुडाले. आता पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे साकव झालेत, पण तुमच्या घरापासून शाळेपर्यंत काय आहे ते छत्री घेऊन, मुलीचा हात धरून, तिच्या चालीने चालून बघा.

आता वाडीची शाळा. 60 पर्यंत पट असला तरी पहिली ते पाचवीला 2 शिक्षक असावेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण मंजूर किती ते विचारून उपयोग नाही, रोज वर्गावर कोण असतं ते विचारा. दोनातला एक कामगिरीवर दुसऱ्या शाळेत असतो, किंवा बदलीच्या यादीत असतो. आमच्याकडे घाटावरचे शिक्षक बरेच, जीव लावून शिकवतात पण जिल्हा बदलून मिळाला की जातात, आणि त्यांना तरी काय बोलायचं, त्यांचेही आईवडील गावाला एकटे असतात. हे सगळं तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीतले पालक सांगतील, समितीत 75 टक्के पालकच असतात.

पट कमी म्हणजे शाळा वाईट असं अजिबात नाही. 11 मुलांत कुणाला वाचता येत नाही हे बाईंना नावानिशी माहीत असतं. पण तिच्या इयत्तेत अजून कोण आहे ते नक्की बघा. माझ्याकडे एक मुलगी सलग दोन वर्षं इयत्तेत एकटी होती. लहानांना छान शिकवायची, पण मधल्या सुट्टीत पायरीवर बसून असायची, भांडायलाही बरोबरीचं कुणी नाही. ते मला अजून लागतं.

मुलीसाठी आणखी एक, हे फार जणांना उशिरा कळतं. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा ग्रामीण कोट्यातून द्यायची तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत व्हायला लागतात, आणि किमान 75 टक्के जागा त्याच कोट्यात असतात. पुढच्या जूनला गेलात तर ती बरोबर तिसरीत, वर्षभर थांबलात तर हा कोटा गेला. म्हणून साकव आणि शिक्षक ठीक असतील तर मी तिला डोळे झाकून वाडीच्या शाळेत घालीन.

मुलाचं अवघड आहे. आठवीत न्यायचं तर न्या, नववी-दहावीत मुळीच हलवू नका. सेमीमध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतच राहील, पण इतिहास-भूगोल मराठीत लिहायचाय. ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत, आठवीचा मराठी इतिहास घ्या आणि आजपासून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या, दोन ओळी लिहून घ्या. महिन्याभरात कळेल किती जड जातंय.

हायस्कूलमध्ये 100 टक्के निकालाचा फलक दाखवतील. दाखवू दे, पण कोकण बोर्ड 2012 पासून दहावीला राज्यात पहिलं येतंय, 2025 ला 98.82 टक्के लागला, तेव्हा त्या फलकावरून शाळा ओळखता येत नाही. गणिताला कायमचे सर आहेत का, प्रयोगशाळेचं कुलूप शेवटचं कधी उघडलं, अकरावी सायन्सला इथली मुलं कुठे जातात आणि राहतात कुठे, हे विचारा. आणि एसटीचं हेडमास्तरांना विचारू नका, स्टॉपवर उभ्या मुलांना विचारा. सकाळी वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला असलेली गाडी मिळते, संध्याकाळचं काय? "गाडी काय रोज येत नाय" असं म्हणाली पोरं तर अंधार पडल्यावर मुलाला आणायला कोण जाणार ते घरी आधी ठरवा. पासात मुलांना 66.67 टक्के सवलत आहे, मुलींना बारावीपर्यंत फुकट, पण पास असून गाडी नसली तर काय करता.

22 किलोमीटरच्या व्हॅनला माझं मन होत नाही. वळणावळणाचा रस्ता, पावसात तासभर जायला तासभर यायला, आठ वर्षांची मुलगी घरी येऊन जेवून झोपेल, मग आजी-आजोबांजवळ राहायला गेलात कशाला? तरी बघायचीच असेल तर बिल्डिंग सोडा, शिक्षक किती वर्षं टिकतात आणि मान्यता कितवीपर्यंतची आहे ते बघा.

सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यांच्या वेळी त्याच शाळेत पोरं किती होती तेही त्यांना विचारा. आणि मुलाला या सगळ्यात आत्तापासून घ्या. सातवीतला मुलगा आहे, मित्र सोडून तो जाणार आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याची काळजी करू नका, तो यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जाऊन आलात की मला परत लिहा, मुलीच्या इयत्तेत कोण निघालं ते आधी सांगा.