हातात नाही म्हणण्याआधी

प्रिय,

तुझी मेल रात्री पावणेदोनला आली, त्यावरूनच कळलं की तू सोडून बिडून काहीही दिलेलं नाहीस.

तीन महिने खपून केलेला अहवाल वरिष्ठाने मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून मांडला. तू समोर बसून ऐकलंस. मग घरी येऊन मला लिहिलंस, "श्रेय माझ्या हातात नाही, म्हणून सोडून दिलं. एपिक्टेटस हेच सांगतो ना?" आणि खाली, जाता जाता, आठवडाभर झोप नाही हेही.

नाही. एपिक्टेटस, म्हणजे आपल्या हातात काय आणि काय नाही हे ओळखून जगा म्हणणाऱ्या प्राचीन स्टोइक पंथाचा तो तत्त्वज्ञ, हे सांगत नाही. मी जरा चिडले आहे, पण तुझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. का, ते पुढे येईलच.

त्याची ती छोटी पुस्तिका पुन्हा उघड. (त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही, आपण वाचतो ते एरियन या शिष्याने टिपलेलं.) सुरुवातीलाच दोन याद्या आहेत. हातात नसलेल्या गोष्टी कोणत्या, तर शरीर, मालमत्ता, नावलौकिक, हुद्दा. तुझं श्रेय इथे येतं, मान्य. पण त्याच्या आधीची यादी तू घाईत वाचलीस. मतं, इच्छा, नावड आणि शेवटी जे जे आपण स्वतः करतो ते सगळं. आता सांग, 'हे काम मी केलंय' हे वाक्य तुझ्या तोंडून निघणं कुठल्या यादीतलं? श्रेय मिळणं एका यादीत, तोंड उघडणं दुसऱ्या. तू दोन्हींचं एकच गाठोडं बांधून पाण्यात सोडलंस आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणालास.

माझं एकच म्हणणं आहे, आणि तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. हात लावल्याशिवाय 'हातात नाही' म्हणायचं नाही.

स्टोइकांचा तिरंदाजाचा दाखला सिसेरो या रोमन लेखकाने लिहून ठेवलाय. नीट नेम धरण्यासाठी जे जे करता येईल ते करणं एवढं तिरंदाजाचं. बाण लागणं न लागणं त्याच्याकडे नाही, मध्येच वारा सुटला तर तो काय करणार? सगळ्यांच्या लक्षात राहतो तो वारा. बाण सोडलेला असतो, हे कोणी बघत नाही. तू भात्यातून बाण काढलाच नाहीस आणि वाऱ्याला उदार मनाने माफ करून मोकळा झालास.

हेल्विडियस प्रिस्कस या रोमन सिनेट-सदस्याची गोष्ट एपिक्टेटस शिष्यांना सांगायचा. सम्राट व्हेस्पेझियनने याला निरोप धाडला, सिनेटमध्ये येऊ नकोस. हा म्हणाला, मला काढून टाकणं तुझ्या हातात आहे, पण सदस्य आहे तोवर मला यायला हवं. सम्राट म्हणाला, बरं, ये, पण गप्प बस. माझं मत विचारू नकोस, गप्प बसतो. पण मला विचारावं लागणार. मग मलाही जे योग्य वाटतं ते बोलावं लागणार. शेवटी जिवाची धमकी आली, तेव्हा याने कामाची वाटणी करून टाकली: मारणं तुझं, न थरथरता मरणं माझं. पुढे त्याला हद्दपार केलं आणि मारलंही. त्याचा प्रत्येक शब्द माझ्या हातात काय आणि तुझ्या हातात काय, याच हिशोबाचा आहे. आणि तो गप्प बसलेला नाही. तुझ्या वरिष्ठाकडे तर सैन्यही नाही रे.

आता माझं.

वडील शेवटचे अठरा दिवस इस्पितळात होते. मी पहिले दोन दिवस गेले. नळ्या, त्या यंत्राचा आवाज, त्यांचे सुकून तडकलेले ओठ. तिसऱ्या दिवसापासून ऑफिसला जायला लागले. तेव्हा मी नुकतीच स्टोइक वाचायला लागले होते आणि निकाल आपल्या हातात नाही, हे वाक्य मला अगदी वेळेवर सापडलं होतं. पैसे पाठवले, फोन केले, रडले नाही. केवढी खंबीर, म्हणाले लोक. तिकडे भाऊ त्यांना चमच्याने पाणी पाजत होता. अर्धा चमचा, मग ओठांच्या कडेने ओघळलेलं पुसायचं, मग पुन्हा अर्धा. त्यांचं बरं होणं नव्हतंच माझ्या हातात. चमचा होता.

रजा मिळत नव्हती, हेही खरं आहे. आणि मी तिथे असते तरी डॉक्टरांनी वेगळं काय केलं असतं? पैसा तर लागतच होता, तो कोणी आणायचा? बघ, इतक्या वर्षांनी तुला शिकवता शिकवता मी पुन्हा स्वतःची वकिली करायला लागले. पैशाचा मुद्दा अगदीच खोटा नाही, पण असो.

नंतर कधीतरी एपिक्टेटसच्या प्रवचनांत एक प्रसंग वाचला. एक अधिकारी त्याच्याकडे येतो. याची मुलगी आजारी पडली, तिचे हाल बघवेनात म्हणून हा घरातून निघून गेला आणि ती बरी झाल्याचा निरोप येईपर्यंत फिरकला नाही. वर म्हणतो, प्रेमापोटीच गेलो. एपिक्टेटस विचारतो, आईचं प्रेम नाही का तिच्यावर? दाईचं? मग त्यांनीही जायला हवं होतं? पोरीने एकटीने पडून राहायचं? मी पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही. निर्विकार राहायला शिकवणारा म्हणून ज्याला ओळखतात, तो सांगत होता, खाटेपाशी बस.

आणि ती मार्कस ऑरेलियसच्या पुतळ्याखाली वाक्यं टाकलेली चित्रं मला पाठवणं बंद कर. 161 ते 180 तो रोमचा सम्राट होता, आणि त्यातली बरीच वर्षं रोगाची साथ आणि सीमेवरच्या लढाया यांतच गेली. त्याच्या नोंदींच्या पाचव्या भागाची सुरुवात बघ. सकाळी उठवत नाही, आणि तो स्वतःला बजावतोय की माणसाचं काम करायला उठायचंय. सम्राट आणि पांघरूण यांचं भांडण. ते तुझ्या चित्रांत कधी येत नाही.

सेनेका, आणखी एक स्टोइक, रात्री दिवा गेला आणि बायको बोलायची थांबली की दिवसाचा हिशोब घ्यायचा. त्याचं बघून मीही वही घातली. पानाच्या मधोमध पेन्सिलीने उभी रेघ, डावीकडे हातातलं, उजवीकडे हातात नसलेलं. परवा ती चाळली. उजवी बाजू गच्च, अक्षरं समासात घुसलेली. डावीकडे 'लवकर उठणे'. त्या अठरा दिवसांतही 'लवकर उठणे'. हल्ली मी रेघ मारत नाही. आज कशाला हात लावला, एवढंच लिहिते. काही दिवस पान कोरं जातं.

उद्या त्याच्याकडे जा. भांडायला नको, आवाज चढला तर तोही तुझ्याच यादीतला. 'हा अहवाल मी तयार केलाय, पुढच्या वेळी त्यावर माझं नाव हवं.' बस. तो हसेल, टाळेल, कदाचित डूख धरेल आणि ते तुला महागात पडेल. पडणार नाही असं मी म्हणत नाहीये. त्यानंतर श्रेय हातात नाही म्हणून खुशाल झोप. त्याआधी तुला झोप लागणार नाही, आणि लागू नये.

उत्तर लिहिशील तेव्हा तो काय म्हणाला ते वगळ. तू काय बोललास तेवढं लिही, शब्द न् शब्द.