चहासोबत चीज, पण दूध कुठे घालायचं?

प्रश्न: ताई, आम्ही मैत्रिणी वाइन-चीजच्या ऐवजी चहा-चीजचा बेत करतोय, कारण निम्म्या जणी वाइन घेतच नाहीत. ट्रायल म्हणून मी नेहमीचा दूध-साखरेचा चहा आणि ब्लू चीज (निळ्या बुरशीचं, तीव्र चवीचं) एकत्र खाल्लं आणि तोंड असं वाकडं झालं की विचारू नका. मग ग्रीन टी केला तर तो कडूजहर. माझं काही चुकतंय की हे मुळात जमतच नाही?

उत्तर: जमतं गं, मस्त जमतं! फक्त सुरुवातच सगळ्यात अवघड चीजने केलीस आणि वर चहात दूध घातलंस. काळ्या चहाला जो तुरटपणा असतो तो टॅनिनचा, आणि दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन त्या टॅनिनला धरून ठेवतं, म्हणून दूध घातलं की चहा मवाळ होतो. आता चीज म्हणजे तरी काय, तेच केसिन घट्ट केलेलं. म्हणजे दूध कपात नाही, प्लेटमध्ये आहे असं समज आणि चहा कोराच ठेव, साखरसुद्धा नको.

शिवाय चहा गरम असतो हा वाइनपेक्षा मोठा फायदा. चीजचं फॅट जिभेवर थर धरून बसतं, गरम घोटाने ते वितळतं आणि मग चीजमधल्या आत दडलेल्या चवी वर येतात. म्हणून तुकडा चावायचा, गिळायच्या आधी छोटा घोट घ्यायचा आणि दोन्ही तोंडात घोळवायचं, दिसायला जरा विचित्र दिसतं पण मैत्रिणीच आहेत ना सगळ्या.

ग्रीन टी कडू झाला कारण पाणी उकळतं ओतलं असणार. ७० ते ८० डिग्री पुरे, आणि दीड-दोन मिनिटांत पानं काढायची. सेंचा हा जपानी ग्रीन टी घेतलास तर त्याची गवताळ चव बकरीच्या दुधाच्या ताज्या, आंबटसर चीजशी इतकी जुळते की माझी सगळ्यात आवडती जोडी हीच. ब्री किंवा कॅमेम्बेरसारखं मऊ चीज असेल तर दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा, कारण दोन्ही नाजूक, तिथे आसाम आणलास तर चीज गायबच होईल. आसाम ठेव जुन्या म्हणजे मुरवलेल्या, झणझणीत चेडर चीजसाठी. ग्रुयेर या स्विस चीजला ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला चहा, दोघांनाही भाजलेल्या सुक्या मेव्यासारखी चव असते.

ब्लू चीजला हवा पु-एर, युनानमधला आंबवून मुरवलेला चहा, त्याला ओल्या मातीसारखा वास असतो आणि ब्लू चीजच्या खारटपणापुढे तो दबत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी वर मधाचा एक थेंब टाक, तोंड वाकडं होणार नाही, गॅरंटी.

लॅपसांग सूशाँग हा पाइनच्या धुरावर वाळवलेला चायनीज चहा, तो बरेच जण स्मोक्ड चीजसोबत सुचवतात, मला नाही पटत, धुरावर धूर कशाला? साधं जुनं गौडा हे डच चीज घे त्याच्यासोबत. आणि हो, जुन्या गौडात कुरकुरीत पांढरे कण लागतात ते मीठ नसतं, चीज मुरताना प्रोटीनमधून सुटलेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे खडे असतात.

प्रश्न: आणि स्लाइसवालं प्रोसेस्ड चीज ठेवलं तर?

उत्तर: ठेव, कोणी रागावणार नाही, पण ते वितळवून, इमल्सिफायिंग सॉल्ट (फॅट आणि पाणी वेगळं होऊ न देणारे क्षार) घालून एकसारखं केलेलं असतं त्यामुळे कुठलाही चहा घेतला तरी फार काही घडत नाही. त्यापेक्षा तीनच चांगली चीज आण, अर्धा-पाऊण तास आधी फ्रिजबाहेर काढ कारण गार चीजला चव कमी, आणि हलक्याकडून तीव्र असं खात जा. ब्लू चीज अगदी शेवटी. उरलं तर घट्ट डब्यात ठेव हां, नाहीतर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या प्रत्येक वस्तूला तोच वास येईल.