टेक्सासमध्ये खिशात मावेल असं हलकं पिस्तूल घ्यायचंय. रुगर एलसीपी घेऊ की ग्लॉक ४२?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनला दुकान आहे, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलंय, रात्री अकराला शटर ओढून एकटेच गाडीपर्यंत चालत जाता, आणि पँटच्या खिशात राहील असं सगळ्यात हलकं पिस्तूल हवंय. माझ्याकडे ही दोन्ही होती. एलसीपी दीड वर्षाने विकलं, ४२ अजून आहे. त्यामुळे सरळच सांगतो, ४२ घ्या.

दोन्हींत .३८० ची गोळी चालते, दोन्हींच्या मॅगझिनमध्ये सहा आणि नळीत एक. फरक वजनाचा. एलसीपी रिकामं साधारण २७० ग्रॅम, ४२ रिकाम्या मॅगझिनसकट ३९०. दुकानात काउंटरवर दोन्ही उचलून बघाल तेव्हा मन एलसीपीकडेच जाईल, माझंही गेलं होतं. पण गोळी तीच असेल तर मागे येणारा जोरही तेवढाच असतो, आणि तो जोर खायला पिस्तूल जितकं हलकं तितकं ते हातात जास्त उसळतं. वाचवलेले १२० ग्रॅम असे हाताकडून वसूल होतात.

पहिल्या दिवशी मी नेमबाजीच्या रेंजवर पन्नास गोळ्यांची एक पेटी घेऊन गेलो. एलसीपीच्या मुठीवर माझी दोनच बोटं बसायची, करंगळी खाली मोकळी. पाच-सहा गोळ्यांनंतर अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी हुळहुळायला लागली, तिसाव्या गोळीपर्यंत लालबुंद. त्याहून वाईट म्हणजे धक्का येणार हे शरीराला कळलं होतं. चाप पूर्ण ओढला जायच्या आधीच मनगट खाली दाबलं जायचं, आणि सात यार्डांवरच्या कागदावर सगळी भोकं डावीकडे खाली. मग पुढच्या शनिवारी जावंसंच वाटेना. दीड वर्षात जेमतेम दोनशे गोळ्या झाल्या. ज्या पिस्तुलाचा सराव करायला नको वाटतं ते खिशात ठेवून मला रात्री धीर येत नव्हता, उलट काळजीच वाटायची.

४२ ने मी पहिल्याच दिवशी शंभर गोळ्या चालवल्या. धक्का आहे, पण ढकलल्यासारखा, चापट मारल्यासारखा नाही. नेम धरायच्या खुणा डोळ्यांना दिसतात. जुन्या एलसीपीच्या खुणा म्हणजे स्लाइडवरच, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, कोरलेले दोन बारीक उंचवटे, संध्याकाळच्या उजेडात मला ते सापडतच नसत. बायकोला एलसीपीची स्लाइड मागे ओढता यायची नाही, बोटांना धरायला जागाच कमी. ४२ ची ती आरामात ओढते. घरातल्या दोघांनाही हाताळता येणं माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

एलसीपीची बाजूही सांगतो. लांबी १३ सेंटिमीटर, जाडी दोन सेंटिमीटरच्या जरा वर, पातळ कापडाच्या पँटमध्येही दिसत नाही. ४२ दोन सेंटिमीटरने लांब आहे, उंचीलाही जास्त; जीन्सच्या पुढच्या खिशात बसतं, फॉर्मल पँटमध्ये फुगवटा येतो. तुम्ही रोज तशीच पँट घालत असाल तर साध्या एलसीपीऐवजी एलसीपी मॅक्स बघा. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, खुणाही नीट दिसतील अशा. जुनं एलसीपी स्वस्तात मिळतंय म्हणून घेत असाल तर पिस्तुलावरचा सीरियल नंबर तपासा. ३७० ने सुरू होणारी पिस्तुलं, नळीत गोळी असताना खाली पडली तर आपोआप गोळी सुटू शकते म्हणून, कंपनीने २००८ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवली होती.

कोणीतरी तुम्हाला वॉल्थर पीपीकेही सुचवेल. देखणं आहे, पण ते जुन्या पद्धतीचं. त्यात गोळी सुटताना स्लाइड फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने बंद राहते, म्हणून स्लाइड जड आणि स्प्रिंग कडक ठेवावी लागते. एलसीपी आणि ४२ मध्ये नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून थोडं अंतर बरोबर मागे येतात आणि मग सुटतात. त्यामुळेच ही पिस्तुलं इतकी हलकी करता आली. पीपीके यांच्याहून कितीतरी जड असूनही हाताला झोंबतं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्वर खिशासाठी चांगलं, घोडा आत झाकलेला असल्याने कापडात अडकत नाही, पण पाचच गोळ्या आणि चाप फार जड. कमरेला लावायची तयारी असेल तर सिग पी ३६५ घ्या: अर्धा किलो वजन, ९ एमएमची गोळी, मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक, आणि लांबी ४२ पेक्षाही किंचित कमी.

पिस्तुलासोबत खिशाचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं कव्हर, त्याच दिवशी घ्या. ४२ ला बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नाही, चाप झाकलेला असलाच पाहिजे. त्या खिशात किल्ल्या नकोत, सुट्टे पैसे नकोत, रुमालही नको. मी एकदा महिन्याने मॅगझिन काढलं तर वरच्या गोळीवर कापसाचा थर बसलेला होता. तेव्हापासून दर रविवारी ते काढून पुसतो. घरी आल्यावर पिस्तूल थेट कुलपाच्या पेटीत जातं. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तसंच ठेवलं असतं.

१ सप्टेंबर २०२१ पासून इथे एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही परवान्याचा वर्ग करा. त्यात कायदा समजतो आणि रेंजवर परीक्षाही होते.

हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांना कळकळीने सांगतो, तुमची गोष्ट वेगळी आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. मित्रासोबत रेंजवर जाऊन त्याचं पिस्तूल हातात घेणंही यात येऊ शकतं, आधी वकिलाला विचारा.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा. तीच बॅग घेऊन भारतात जाऊ नका. अस्तराच्या कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, चुकून राहिलं म्हटलं तरी. माझी रेंजची बॅग लाल आहे आणि ती गॅरेजच्या बाहेर फक्त रेंजसाठी जाते.