मॅप सेन्सरची नळी किती लांब, किती जाड?

प्रश्न : चार सिलिंडरचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन, टर्बो नाही. मेगास्क्वर्ट ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ग्लोव्ह बॉक्समागे बसवलाय, मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागातला दाब मोजणारा) त्याच्या बोर्डावरच. ब्रेक बूस्टरच्या (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डबीच्या) लाईनला टी (तीन तोंडांचा जोड) मारून आतून ६ मिमीची २ मीटर नळी ओढलीय. १३०० आरपीएमच्या आसपास रीडिंग थरथरतं आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की गाडी गचकते. नळी बदलू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बदला, पण आधी तो टी काढा. ब्रेकचं पेडल हललं की बूस्टरमधली हवा त्याच लाईनने मॅनिफोल्डकडे जाते आणि ईसीयूला वाटतं इंजिनावर लोड आला. सेन्सरला स्वतःचं निपल (नळी चढवायचं तोंड) हवं, थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला, चारही सिलिंडरची हवा जिथून वाटली जाते त्या प्लेनमवर. एकाच सिलिंडरला हवा नेणाऱ्या रनरवर नको.

थरथर मात्र लांबीमुळेच. दाबाची लाट सेकंदाला साधारण ३४० मीटर सरकते, म्हणजे २ मीटरला ६ मिलिसेकंद. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण एका टोकाला बंद असलेली नळी घुमते, आणि २ मीटरची नळी घुमते सुमारे ४२ हर्ट्झला. तुमच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन इनटेक स्ट्रोक, म्हणजे हिशेब येतो १२७५ आरपीएम. अर्धा मीटर नळीत हेच घुमणं ५१०० च्या आसपास जातं. तिथे निपलजवळ नळीत १ मिमी भोकाचा पितळी जेट दाबून बसवला की भागतं. भोक त्याहून फार बारीक केलंत, तर रीडिंग मागे रेंगाळेल.

गचकण्याचा संशय व्यासावर. ६ मिमीच्या २ मीटर नळीत ५६ सीसी हवा मावते, ४ मिमीच्या अर्ध्या मीटरमध्ये जेमतेम ६. निपलचं भोक बारीक असेल तर ती सगळी हवा तिथूनच आत-बाहेर होते, आणि तोवर थ्रॉटल उघडून झालेला असतो. (रीडिंग शांत करायला लाईनमध्ये पेट्रोल फिल्टर टाकतात, त्यानेही हेच होतं.)

तेव्हा आतून ४ मिमीची, निदान २ मिमी जाड भिंतीची सिलिकॉन नळी घ्या. फिश टँकची पारदर्शक नळी बॉनेटखाली मऊ पडते आणि आयडलच्या व्हॅक्यूमला चपटी होते. सेन्सर निपलपेक्षा उंच ठेवा, मध्ये झोळ नको, नाहीतर पेट्रोलचे थेंब साचतात.

अर्ध्या मीटरमध्ये पोचत नसेल तर बोर्डाबाहेरचा वेगळा सेन्सर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) लावून ५ व्होल्ट, सिग्नल आणि ग्राउंड अशा तीन तारा ओढा. ग्राउंड बॉडीला नाही, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच. सॉफ्टवेअरमध्ये नव्या सेन्सरचं कॅलिब्रेशन भरायला विसरू नका.

मग किल्ली ऑन, इंजिन बंद : कोल्हापुरात ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं, मुंबईत १०१. हातपंपाने व्हॅक्यूम ओढून मिनिटभर थांबा. आकडा सरकला तर गळती आहे. गरम इंजिन आयडलला ३० ते ४५ दाखवेल.

प्रश्न : प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असेल तर?

उत्तर : चारही रनरमधून सारख्या लांबीच्या नळ्या एका छोट्या डबीत आणा, प्रत्येकीत १ मिमी जेट, आणि डबीतून एकच नळी सेन्सरला. तरीही थ्रॉटल थोडा उघडताच रीडिंग वातावरणाच्या दाबाजवळ पोचतं, म्हणून त्यापुढचं फ्युएल थ्रॉटलच्या कोनावर ट्यून करावं लागतं.