नवीन पिल्लासाठी पशुवैद्य कसा निवडावा आणि खर्च आवाक्यात कसा ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुत्र्याचं नऊ आठवड्यांचं पिल्लू नुकतंच घरी आलंय, जवळ दोन दवाखाने आहेत, एकाची फी दुसऱ्याच्या निम्मी, तर कुठे जावं? पुढे मोठं आजारपण निघालं तर खर्च झेपेल का, याचीही धास्ती आहे. आणि शेवटी लिहिलंय, ‘पैशाचा विचार करतोय म्हणजे मी चुकतोय का?’

शेवटचं आधी. नाही, चुकत नाही आहात. तो विचार आधी न केलेली माणसं रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरसमोर सुन्न उभी असतात. मीही एकदा तशीच उभी होते.

माझा बोका गोट्या तेव्हा चार वर्षांचा होता. एका संध्याकाळी तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, काही न करता बाहेर यायचा. मला वाटलं, पोट साफ होत नसेल. रात्रीची तपासणी फी दिवसाच्या दुप्पट होती, म्हणून म्हटलं सकाळपर्यंत बघू. सकाळी तो पलंगाखाली निपचित पडला होता. मूत्रमार्ग तुंबला होता. बोक्याची मूत्रनलिका मुळातच अरुंद. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी आत कोंडते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. गोट्या वाचला, पण त्यासाठी चार दिवस सलाईन, नळी, रोज रक्ततपासणी असं सगळं झालं आणि बिल माझ्या दोन पगारांच्या वर गेलं. मी वाचवायला निघाले होते एक जादा फी.

त्यामुळे दोन दवाखान्यांच्या फीची तुलना करत बसू नका. फी हा पाळीव जनावराच्या एकूण खर्चातला सगळ्यात किरकोळ आकडा असतो. खरा खर्च ठरतो तो आजार कधी लक्षात आला, पहिल्यांदा निदान बरोबर झालं का आणि एकच तपासणी दोनदा करावी लागली का, यावर.

डॉक्टर निवडताना पदवी आणि नोंदणी बघायचीच, ते वेगळं सांगायला नको. त्यापलीकडे माझी कसोटी एकच: पैशाचा विषय काढल्यावर डॉक्टर कसे बोलतात. पिल्लू ठणठणीत असतानाच एकदा दोन्हीकडे जाऊन या. वजन करायचंय, पुढच्या लसी ठरवायच्यात, एवढं कारण पुरे. बोलता बोलता सरळ विचारा, ‘डॉक्टर, उद्या काही मोठं निघालं आणि सगळ्या तपासण्या मला परवडणाऱ्या नसल्या, तर तुम्ही काय करता?’ काहींच्या कपाळावर आठी येते. काही जण ‘ते तेव्हा बघू’ म्हणतात. आणि काही जण खुर्ची पुढे ओढून सांगतात, की मी आधी अमुक करते, त्यावर भागलं तर ठीक, नाहीतर पुढची पायरी. ही तिसरी माणसं धरून ठेवा, त्यांची फी थोडी जास्त असली तरी. एकाच आजाराला उपचाराच्या दोन-तीन वाजवी वाटा बऱ्याचदा असतात. सगळ्यात महागडी वाट हीच एकमेव, असं म्हणणारा आणि सगळ्यावर एकच इंजेक्शन टोचून मोकळा होणारा, हे दोघेही मला नको असतात.

त्या दुसऱ्या प्रकाराचा अनुभव माझ्या कुत्रीच्या, चिंगीच्या वेळी आला. खाज सुटली म्हणून एका स्वस्त दवाखान्यात नेत होते. दर वेळी एक इंजेक्शन, पाच मिनिटांत बाहेर, आठवडाभर आराम आणि पुन्हा खाज. इंजेक्शन कशाचं, ते कधी लिहून दिलं नाही आणि मीही विचारलं नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘आजवर काय काय दिलंय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बहुधा स्टिरॉइड असावं, असं त्या म्हणाल्या. मग आधीचा परिणाम उतरेपर्यंत थांबणं आलं, त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आलं. निघाली साधी पिसवांची अ‍ॅलर्जी. पिसवांचं औषध नियमित सुरू केल्यावर खाज थांबली. सहा महिन्यांच्या त्या ‘स्वस्त’ फ्यांची बेरीज मी मुद्दाम केली नाही.

म्हणून कागद. दर भेटीत वजन, तापमान, दिलेल्या औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मागा. लसीच्या कार्डावर बाटलीचं लेबल चिकटवून घ्या. रक्ताचे अहवाल, एक्स-रे यांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. डॉक्टर बदलायची किंवा रात्री परक्या दवाखान्यात धावायची वेळ आली, तर तीच तपासणी पुन्हा होत नाही. नोंद द्यायला कुरकुर करणारा दवाखाना मी तिथल्या तिथे सोडते.

पहिल्या भेटीत आणखी एक बघा: डॉक्टर पिल्लाला हात लावतात का. दात, कान, डोळे, हृदयाचे ठोके, पोट, बेंबी, गुडघे, सगळं चाचपून झालं पाहिजे. दूरवरून बघून लिहिलेल्या चिठ्ठीला माझ्या लेखी किंमत नाही. चकचकीत दालनाचं आणि मोठमोठ्या यंत्रांचं मात्र दडपण घेऊ नका. लहान दवाखान्यात सोनोग्राफी नसेल, पण ‘ती लागली तर कुठे पाठवता’ या प्रश्नाला तयार उत्तर असलं पाहिजे. तसंच ‘रात्री फोन कोण उचलतं’ यालाही. तो नंबर आजच लिहून ठेवा.

आता पिल्लाचं. तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील तर पहिले पैसे लसींवर खर्च करा. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लात काही आठवडे टिकते आणि तोवर ती लसीलाही निष्प्रभ करू शकते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देतात. शेवटचा डोस सगळ्यात मोलाचा असतो आणि नेमका तोच लोक चुकवतात, ‘दोन झाल्या की’ म्हणून. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो. तो झाला तर उलट्या, रक्ताचे जुलाब, कित्येक दिवस दवाखान्यात सलाईन, आणि इतकं करून पिल्लू हाती लागेलच असं नाही. लसींचा सगळा खर्च त्या एका आजारपणाच्या बिलात कितीतरी वेळा मावेल.

मोठेपणी मात्र हे चित्र बदलतं, आणि इथे बऱ्याच जणांचे पैसे विनाकारण जातात. डिस्टेंपर (हाही विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार), पार्व्हो यांच्या नेहमीच्या लसी, पहिली मालिका आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की, तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा द्यायची गरज नसते, असं लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) मार्गदर्शक सूचना सांगतात. लेप्टोस्पायरोसिसची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) लस वेगळी, ती जिथे लागते तिथे दरवर्षी. रेबीजचं वेळापत्रक लसीवर आणि तुमच्याकडच्या कायद्यावर ठरतं, त्यात काटकसर करू नका. ‘यातली कोणती लस यंदा खरंच लागते?’ हे विचारल्यावर रागावणाऱ्या डॉक्टरांविषयी मी वर बोललेच आहे. लस नसली तरी वर्षाची तपासणी मात्र चुकवायची नाही.

मादी असेल आणि पिल्लं नको असतील तर नसबंदीचा खर्च आतापासून धरा. नेमक्या वयाबद्दल डॉक्टरांशी बोला, मोठ्या जातींत थोडं थांबतात. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पुढे कधीतरी पू होऊ शकतो. माजानंतर काही आठवड्यांनी ती फार पाणी पिते, खात नाही, मलूल होते. तेव्हा होणारी शस्त्रक्रिया तीच असते, पण आजारी शरीरावर, घाईत आणि कैक पटींनी महाग.

मोठं बिल समोर आलंच तर आधी लेखी अंदाज मागा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे. ‘वरचा आकडा ओलांडायच्या आधी मला फोन करा’ हे सांगून ठेवा. आणि प्रत्येक तपासणीसाठी एक प्रश्न विचारा, तो मला गोट्याच्या डॉक्टरांनीच शिकवला: या तपासणीत काहीही आलं तरी तुम्ही देणार ते औषध तेच असेल का? ‘हो’ असेल तर ती तपासणी निदान आज तरी टाळता येते. ‘नाही, यावरच सगळं ठरेल’ असेल तर ती आधी करा, मग बाकीच्या. औषध त्याच घटकाचं, स्वस्त कंपनीचं चालेल का, चिठ्ठी घेऊन बाहेरून आणू का, हेही मोकळेपणाने विचारावं. दोन ठिकाणी मात्र घासाघीस करत नाही: भूल देताना लक्ष ठेवायला लागणारी माणसं-यंत्रं, आणि वेदनाशामक.

विमा काढावा का? कल्पना नवीन नाही, स्वीडनमध्ये १९२४ सालीच एका कुत्र्याचा विमा उतरवला होता. तुमच्याकडे मिळत असेल तर पिल्लू निरोगी असतानाच काढायचा, कारण आधीपासून असलेला आजार जवळपास कुठलीच पॉलिसी धरत नाही. किती दिवसांनी लागू होते, दर वेळी पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, वर्षाची मर्यादा काय आणि कुत्रा म्हातारा झाल्यावर हप्ता किती चढतो, एवढं वाचल्याशिवाय सही नको. बहुतेक पॉलिसींत आधी तुम्ही भरायचं आणि मग परतावा, म्हणजे रोख जवळ लागतेच. मी विमा काढला नाही. हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला हात लावत नाही. पहिल्या वर्षी हा उपाय लंगडा असतो, खात्यात काही नसताना पायच मोडला तर. शिस्त नसेल तर विमाच बरा.

रोजच्या जगण्यातली सगळ्यात मोठी बचत वाडग्यात आहे. ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची संधिवाताची दुखणी उशिरा सुरू झाली. शिवाय बरीचशी औषधं वजनावर मोजतात, म्हणजे जाड कुत्र्याची गोळीही महाग. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत. दात आत्तापासून घासायची सवय लावा, कुत्र्यांच्याच पेस्टने. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे.

घरात एक थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं गुदमार्गाने मोजलेलं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा आपल्या हिशेबाने ‘ताप’ दिसला म्हणून घाबरू नका. पिल्लू शांत झोपलेलं असताना मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजून लिहून ठेवा. मोठ्या निरोगी कुत्र्यात ते झोपेत तीसच्या आत असतात. हिरडी बोटाने दाबून सोडली तर दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत यायला हवा. फोनवर ‘तो बरा नाही’ म्हणण्यापेक्षा हे आकडे सांगितले तर रात्री यायला हवं की सकाळी चालेल, हे डॉक्टर ठरवू शकतात. पण हिरड्या पांढऱ्या-निळ्या पडल्या, पोट फुगलंय आणि नुसते कोरडे उमासे येताहेत, आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, लघवी होत नाही, काही विषारी खाल्लंय, तर मोजत बसू नका, निघा. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट हे त्या विषारीत धरा. आणि आपल्या कपाटातली गोळी देऊन बघणं कधीच नको. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या मूत्रपिंडाला सोसत नाही, आणि उद्या मांजर आणलंत तर पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

तर त्या दोन दवाखान्यांत जाताना पिल्लू, आधीचं लसीचं कार्ड आणि ताज्या शीचा लहान नमुना डबीत घालून न्या, जंतांची तपासणी त्यावरच होते. दोन्हीकडे वर लिहिलेला पैशाचा प्रश्न विचारा. काय उत्तरं मिळाली ते इथे खाली लिहिलंत तर त्यावर बोलू.